नव्या बर्फावरची पहिली रेघ

रविवार, १७ नोव्हेंबर

नॉर्मांचं डोकं फिरलं! गिरणीतून निवृत्त होऊन जेमतेम दीड महिना झाला, तेवढ्यात फिरलं. जेवताना वाटाण्याच्या सूपचा वाडगा बाजूला सारून म्हणतो, "परसात स्केटिंगसाठी बर्फाचं रिंक करतो."

कोणासाठी? मी विचारलं. मेलनी तिकडे माँट्रियलला. आमच्या या एकुलत्या एक लेकीला मूलबाळ नाही, मांजर आहे. मांजर स्केटिंग करत नाही.

"असंच," म्हणाला आणि वाडगा परत ओढून घेतला.

असंच! या माणसानं जन्मात काही असंच केलेलं नाही. खिळा ठोकायचा तरी आधी तीन दिवस भिंतीकडे बघतो.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

"आपलं परस काय, टेबलासारखं सपाट," असं सकाळी म्हणाला. दुपारी खुंट्या ठोकून दोरी ताणली. सफरचंदाच्या झाडाकडे दोरी गवताला टेकते आणि गराजकडे बिस्कुट तिच्याखालून आरामात जातो. बिस्कुट म्हणजे काही छोटं कुत्रं नाही!

शेजारचा ऑरेल कुंपणावर कोपर टेकून बघत होता. जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे मागं बसलेल्यांना सूचना द्यायची सवय काही जात नाही. "काय रे म्हाताऱ्या, रिंक करतोयस की घसरगुंडी?"

नॉर्मांनं मातीच्या गाड्या ओढायला सुरुवात केली. मी पडदा ओढला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही.

मला स्केटिंग येत नाही.

लिहिलं बाई एकदाचं. आता त्या ओळीकडे बघवत नाही.

या गावात पोहता न येणारी माणसं आहेत. सही करता न येणारा महापौरही होऊन गेला. पण स्केटिंग न येणारं माणूस ऐकिवात नाही. आम्ही अकरा भावंडं. घरात स्केट्सचे तीन जोड, तिन्ही कायम भावांच्या पायात. आम्ही मुली काठावर त्यांचे कोट सांभाळत उभ्या. पुढं धाकट्या बहिणी शिकल्या, मी तशीच राहिले. नॉर्मां पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, "चल, एक फेरी मारू." मी म्हटलं, "पाय मुरगळलाय." तो जो मुरगळला तो लग्न झालं, मेलनी झाली, डोकं पांढरं झालं तरी मुरगळलेलाच! घोट्याचं दुखणं कसं, थंडी पडली की उठतं. दर हिवाळ्यात मी काठावर थर्मास घेऊन उभी. लोक म्हणतात, काय मायाळू बाई, स्वतः मजा न करता सगळ्यांना गरम चॉकलेट पाजते!

आता तो काठ माझ्याच स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येणार.

रविवार, २४ नोव्हेंबर

वाटलं होतं त्याहून वाईट. सासूबाईंचा फोन. त्यांना वृद्धाश्रमात बसून गावातल्या प्रत्येक खिळ्याचा आवाज ऐकू येतो.

"अगं सूनबाई, नॉर्मां रिंक करतोय म्हणे! देवानं ऐकलं माझं. आता पहिली रेघ तुझी हं."

विसरलेच होते मी ते! यांच्या घरात रीतच आहे: नव्या बर्फावर पहिली रेघ घरच्या बाईची. मामंजी होते तोवर दर साली सासूबाई एकट्या बर्फावर उतरायच्या. बाकी सगळे टोप्या काढून गप्प उभे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची, वळायचं, परत यायचं, मगच पोरांना सोडायचं. ती रेघ वाकडी आली तर वर्ष वाकडं जातं म्हणे.

माझी रेघ कशी जाईल ते मला माहीत आहे. आडवी. नाकानं ओढलेली.

मंगळवार, ३ डिसेंबर

रिंकभोवती लावायच्या फळ्या आल्या. आल्या म्हणजे किती उंच! मी शेजारी उभी राहिले तर टोपीचा गोंडासुद्धा फळीच्या वर जाईना. लोक गुडघाभर फळ्या लावतात; याची तेवढी फक्त घराकडची बाजू. मी म्हटलं, "अरे, रिंक बांधतोयस की बैलांचा गोठा?"

"पक उडून ऑरेलच्या खिडकीत जायला नको."

ती हॉकीची चकती मारणार कोण? याचा खांदा वर होत नाही. बटाट्याचं पोतं उचलायला मला बोलावतो.

ऑरेलला तर फार लागलं. फुकटचा खेळ बंद झाला ना! संध्याकाळी स्वतःच्या अंगणात शिडी लावून वर चढला आणि फळ्यांवरून डोकं काढून म्हणाला, "वहिनी, याला सांगा, छप्पर विसरलाय." नॉर्मांनं त्या बाजूला आणखी एक फळी ठोकली.

शनिवार, १४ डिसेंबर

ताडपत्री अंथरली. पाणी सोडलं. उणे अठरा. नळी धरून हा पुतळ्यासारखा उभा आणि मिशीला लोंबणारे बर्फाचे खडे.

मी एक पाप केलं. म्हणजे केलं काहीच नाही, तेच पाप. रिंकच्या गराजकडच्या कोपऱ्याखाली आपली सेप्टिक टँक आहे. टँक उपसायला माणूस यायचा तेव्हा नॉर्मां दर वेळी गिरणीत असायचा, त्यामुळे झाकण कुठं आहे ते मला आणि बिस्कुटला माहीत. बिस्कुट अख्खा हिवाळा तिथंच झोपतो. खालून ऊब येते ना! सगळीकडे हातभर बर्फ असला तरी त्या जागी गवत दिसतं.

नॉर्मांनं ताडपत्री तिथं अंथरली तेव्हा बिस्कुट माझ्याकडे बघत होता. मी बिस्कुटकडे बघितलं. दोघंही गप्प बसलो.

गुरुवार, १९ डिसेंबर

सगळं गोठलं. तो कोपरा सोडून. तिथं डबकं. वर वाफ!

नॉर्मां दोन दिवस त्या डबक्याकडे बघतोय. आधी म्हणाला, झरा लागला. मग म्हणाला, ताडपत्री काळी म्हणून. ऑरेल शिडीवरून म्हणाला, "तेल लागलं असेल, माझा हिस्सा ठेव." शेवटी आज बिस्कुट ताडपत्रीच्या कडेला येऊन, ओल्यात, त्याच जागी अंगाची गुंडाळी करून झोपला. नॉर्मांनं त्याच्याकडे बघितलं. मग घराच्या संडासाच्या पाइपाकडे. मग खिडकीत माझ्याकडे.

"गिलेन, टँक इथं आहे?"

"अगंबाई! विसरलेच."

फितूर कुत्रा. रात्री त्याला हाड दिलं नाही.

बुधवार, २५ डिसेंबर

काल रात्री नाताळचं जेवण सासूबाईंकडे. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये खिम्याचं तुर्तिएर, बीटचं लोणचं आणि सगळ्यांसमोर माझ्या नवऱ्याची सालटी.

"बर्फावर वाफ येते म्हणे? तुझ्या बाबांच्या बर्फात माणसाला चेहरा दिसायचा, नॉर्मां. रविवारी ते त्यात बघून भांग पाडायचे. तुझ्या बर्फात काय, अंडी उकडायची?"

सगळे हसले. मीही हसले. तोही हसला, पण काट्यानं तुर्तिएरचा तो तुकडा बशीत इकडून तिकडे ढकलत राहिला, खाल्ला नाही. आईनं एकदा, एकदाच म्हणावं की बाबांसारखं जमलं, एवढंच या माणसाला हवं असतं. साठी उलटली तरी.

येताना गाडीत म्हणाला, "दाखवतो तिला चेहरा."

शनिवार, २८ डिसेंबर

पाऊस! डिसेंबरात पाऊस! अधिक पाच! सकाळी ठिबक ठिबक ऐकू आलं आणि मी अंथरुणातच देवाचे आभार मानले. दुपारपर्यंत रिंकचं तळं झालं. ऑरेल ओरडला, "वहिनी, बदकं आणू का?" मी पिठाचे हात तसेच घेऊन खिडकीत उभी राहून गाणं म्हणत होते.

मग नॉर्मां दिसला. फळ्यांच्या आत, गुडघाभर पाण्यात, रबरी बुटांत. नुसता उभा. पाऊस टोपीवरून मानेत जातोय तरी हलत नाही.

गाणं थांबलं माझं. कोरडे मोजे घेऊन गेले बाहेर. घरभेदी बाई आहे मी. पण तरीही ती रेघ नको.

गुरुवार, २ जानेवारी

पुन्हा श्रीगणेशा. पाणी काढलं, टँकचा कोपरा वगळून फळ्या आत घेतल्या. आता रिंकचा एक कोपरा कोणीतरी चावल्यासारखा दिसतो. तिथं बिस्कुटची जागा बिस्कुटला परत मिळाली. कुत्रा खूश.

आतल्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, नॉर्मां काहीतरी ठोकतोय. बघितलं तर सासूबाईंच्या जुन्या घरातल्या जिन्याचा कठडा! गराजमध्ये पडून होता तो. हे कशाला?

"फावडी टेकवायला."

फावडी दोन आहेत. कठडा अख्ख्या बाजूभर.

गुरुवार, ९ जानेवारी

आज मी जे केलं ते या वहीलाच सांगते.

उणे चोवीस. बर्फ धरला. खडबडीत, दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, पण धरला. नॉर्मां खिळे आणायला गावात गेला. मी चुलीवरचं मोठं पातेलं उचललं, उकळत्या पाण्याचं, आणि सफरचंदाच्या झाडाकडच्या बाजूला सगळं ओतलं. आणखी एक पातेलं. आणखी एक. पाण्याचा फुसकारा, वाफच वाफ, मला माझेच हात दिसेनात. वाटलं, खड्डा पडेल, रिंक संपेल, सुटेन.

मग घरात येऊन भांडी घासली, साळसूदासारखी.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी नॉर्मांची आरोळी. "गिलेन! गिलेन, बाहेर ये!"

गेले. फाशीला जावं तशी गेले. झाडाकडची बाजू काचेसारखी! सुरकुती नाही, बुडबुडा नाही. गार पाणी ओतलं की वरच्या वर गोठून खडबडीत होतं, गरम पाणी आधी जुन्या बर्फात मुरतं आणि मग बसतं म्हणे. मला काय माहीत! नॉर्मां त्यावर उपडा झोपून बघत होता.

"कोणी केलं हे?"

"भांड्यांचं पाणी सांडलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानं उठून माझ्या गालाचा मुका घेतला. ऑरेल शिडीवरून टाळ्या वाजवत होता. आता रोज संध्याकाळी मी पातेली भरून द्यायची आणि यानं जुना टॉवेल काठीला बांधून पाणी पसरायचं, असं ठरलं. मुळावर घाव घालायला गेले आणि कामाला जुंपले गेले.

शनिवार, ११ जानेवारी

माझा डावा बूट सापडत नव्हता. दिवसभर नॉर्मांचा बूट घालून फिरले. संध्याकाळी दारात जागच्या जागी! बिस्कुटला ओरडले. बिचारा टँकवर जाऊन बसला.

बुधवार, १५ जानेवारी

कबूल करते, ते काम मला आवडायला लागलंय. मी पाणी ओतते, तो पसरतो. वाफेत आम्हाला एकमेकांचं तोंडही दिसत नाही, नुसते आवाज. "इकडे." "सावकाश." "हं." इतकं तर आम्ही जेवतानाही बोलत नाही. आज त्यानं गिरणीतल्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगितलं. मशीन बंद केल्यावर कानात किती शांत वाटलं, आणि त्या शांततेची भीती कशी वाटली ते. मला हे कधी बोलला नव्हता. मीही त्याला काहीतरी सांगावं असं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं. मग म्हटलं, पाणी गार होईल.

रविवार, १९ जानेवारी

सासूबाईंनी तारीख काढली! पुढचा रविवार, सव्वीस, चर्चनंतर. पाद्रीबाबांना सांगून झालं. त्यांच्या पत्त्यांच्या मंडळाला सांगून झालं. वृद्धाश्रमाची गाडी ठरली. "सूनबाई, माझी ती निळी टोपी तुला देते. पहिल्या रेघेला मी तीच घालायची."

नॉर्मां फोनवर म्हणाला, "ये तू. भांग पाडायचा कंगवा घेऊन ये." छाती फुगली होती त्याची! खरंच दिसतो आता चेहरा. काल बाहेर गेले तर हा बर्फावर वाकून मिशी विंचरत होता.

आणि मी? मी सगळ्या गावासमोर, पाद्रीबाबांसमोर, निळ्या टोपीत पडणार. पडण्याचं काही नाही. पण इतकी वर्षं थर्मास धरून उभी राहिले ते खोटं होतं, हे त्याला सगळ्यांबरोबर कळणार. ते नको. त्याला एकट्याला कळलं असतं तर चाललं असतं.

बुधवार, २२ जानेवारी

उपाय एकच. जुनाच. दुपारी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले आणि "आई गं!" करून ओरडले.

नॉर्मां धावत आला. "काय झालं?"

"घोटा. पुन्हा मुरगळला."

"कोणता?"

हे कशाला विचारायचं! "डावा," मी म्हटलं.

तो जरा वेळ माझ्या पायाकडे बघत राहिला. मग फ्रीजमधून गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी आणून घोट्यावर ठेवली. रविवारचं काय, सासूबाईंचं काय, एक शब्द नाही. मला वाटलं होतं तोंड उतरेल. उलट शीळ घालत गराजमध्ये गेला.

गुरुवार, २३ जानेवारी

घात झाला असता! रस्सा ढवळताना लक्षात आलं की सकाळपासून मी उजव्या पायानं लंगडतेय. नॉर्मां टेबलाशीच बसला होता. पटकन पाय बदलला. त्यानं पेपर वर उचलून तोंडासमोर धरला. पेपर थोडा हलत होता.

वाचले. त्याच्या लक्षात काही आलेलं नाही. पुरुषांचं लक्ष असतं कुठं!

शुक्रवार, २४ जानेवारी

संध्याकाळचं पाणी आज त्यानं एकट्यानं घातलं, माझ्या पायाला आराम म्हणून. मी आत बसून होते आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

ऑरेलची शिडी मागून आणली. कशाला? "दिवा बदलायचाय." शिडी गराजमध्ये ठेवली, गराजला कुलूप घातलं. दिवा काही बदलला नाही. मग बराच वेळ फोनवर होता, दार लावून. "हो आई," "नाही आई," एवढंच ऐकू आलं. बाहेर आला तेव्हा कान लाल झाले होते.

स्वयंपाकघरातली एक खुर्चीही कमी आहे. या घरात काय चाललंय देव जाणे.

शनिवार, २५ जानेवारी

उजाडता उजाडता नॉर्मांनं हात धरून बाहेर नेलं. रिंकच्या मधोमध आमची खुर्ची. खुर्चीवर नवे स्केट्स, माझ्या मापाचे. मी म्हटलं, "अरे, माझा घोटा..."

मला खुर्चीत बसवून, स्वतः गुडघे टेकून तो नाड्या आवळत होता. "तुझा घोटा लग्नापासून बाजू बदलतोय, गिलेन. निवृत्त झालो की शिकवायचं ठरवलं होतं. फळ्यांवरून आता कोणालाच दिसत नाही. शिडी आपल्याकडे आहे."

"आणि उद्या? सासूबाई? पाद्रीबाबा?"

"काल रात्री आईला सांगितलं, बर्फ बिघडला. बाबांसारखं नाहीच जमलं मला. आता महिनाभर तरी येऊ नका."

मी खाली बघितलं. बर्फात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता, मिशीच्या केसान् केसासकट.

मी कठडा धरला.